गौरीला तिखट, गणपतीला गोड

गौरीपूजनाच्या दुपारी संगमेश्वर तालुक्यातल्या कितीतरी घरांत गणपतीसमोर पडदा ओढतात. धुवट धोतर, जुनी साडी, चादर, हाताला लागेल ते चालतं. पडद्याच्या अलीकडे गौर बसलेली असते. तेरड्याच्या जुडीला मुखवटा बांधलेला, लुगडं नेसवलेलं, नाकात नथ. तिच्यापुढे मटणाचं नाहीतर गावठी कोंबड्याचं ताट येतं, सोबत वडे. खाडीकाठच्या घरांत कुठे मासे, कुठे चिंबोऱ्याही. हा तिखटा सण. पडद्यापलीकडे गणपतीचं ताट मात्र गोडाचंच: वरणभात, खीर, मोदक. कुणी गौरीला गणपतीची आई मानतं, कुणी बहीण. पण माहेरवाशीण आलीय, तेव्हा तिला आवडतं ते रांधायचं, याबद्दल दुमत नसतं. लेकाला चालत नाही म्हणून आईने मन मारायचं नाही, आणि आईला हवं म्हणून लेकाच्या पानात ते वाढायचं नाही.

ही रीत शेतकरी घरांतून चालत आली. त्याच तालुक्यात, त्याच दिवशी, कोकणस्थ घरात पाणवठ्यावरून आणलेले खडे गौरी म्हणून बसतात आणि त्यांना घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. एकच देवी, एकाच दिवशी, दोन वाड्यांवर दोन तऱ्हांनी जेवते. वाड्या वेगळ्या होत्या तोवर त्यात अडचण नव्हती. आता या दोन्ही वाड्या एका घरात नांदायला आल्या आहेत.

मुंबईत भेटून लग्न केलेली मुलं, परजातीतली सून, परप्रांतातला जावई हे आता कोकणात नवं राहिलेलं नाही. त्यात दुसऱ्या लग्नांची भर पडली आहे. विधुर, घटस्फोटित, आधीच्या लग्नाची मुलं बरोबर घेऊन आलेली आई किंवा बाप, अशी घरं गावागावांत आहेत. एरवी ती आपापल्या फ्लॅटमध्ये सुखाने राहतात. गौरी-गणपतीला किंवा दिवाळीला सगळी एका छपराखाली येतात आणि पहिला प्रश्न पडतो तो जेवणाचा. काय करायचं, कुणासाठी करायचं, कुणी करायचं? हा लेख त्या जेवणाच्या यादीबद्दल आहे. कारण सणाच्या यादीत घराचं सगळं राजकारण उतरतं.

दोन नद्यांमधली ताटं

बाहेरच्या माणसाला संगमेश्वर म्हटलं की १६८९ साल आठवतं. संभाजी महाराज मुघलांच्या हाती सापडले ते इथे. त्यापलीकडे कसब्याचं कर्णेश्वराचं देखणं मंदिर, शास्त्री आणि सोनवीचा संगम, राजवाडी-तुरळची गरम पाण्याची कुंडं, मार्लेश्वरची जत्रा. तालुक्याची कचेरी देवरुखला, महामार्ग आणि रेल्वे संगमेश्वरला. सह्याद्रीच्या पायथ्यापासून खाडीपर्यंत पसरलेला हा तालुका चाकरमान्यांचा आहे. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली आणि संगमेश्वर रोड स्थानकावर गणपतीच्या आधी उतरणारी गर्दी हा सणाचाच एक भाग झाला. एसटी आणि खासगी गाड्या त्याआधीपासून होत्याच.

जेवणाच्या बाबतीत तालुक्याचे तीन तुकडे सहज पडतात. घाटाकडच्या वाड्यांवर भात, नाचणी, कुळीथ आणि रानातल्या भाज्या. मधल्या पट्ट्यात परसातला भाजीपाला, फणस, काजू. खाडीकडे मासे, तिसऱ्या, खेकडे. त्यावर जातीधर्माचे थर. कुणबी घरचं तिखट वाटण वेगळं, कोकणस्थांची चिंच-गुळाची आमटी वेगळी. खाडीकाठच्या कोकणी मुसलमानांच्या घरी तांदळाचं सांदण होतं, तर हिंदू घरांतून सांदण म्हटलं की फणसाचं. तरी सगळ्यांच्या खाली दोन गोष्टी पक्क्या आहेत, तांदूळ आणि नारळ. कोकणातला कोणताही तंटा या दोघांपाशी येऊन थांबतो. सणाची यादी करणाऱ्याने हे भांडवल आधी ओळखावं.

भाद्रपदात परसू भरलेलं असतं: पडवळ, दोडकी, भेंडी, अळू, भोपळा, तवसं, चिबूड. मासेमारीवरची पावसाळी बंदी ३१ जुलैला उठलेली असते, म्हणजे खाडीकडच्या घरांना मासळीही असते. उन्हाळ्यात सोलून वाळवलेले काजूगर, फणसाच्या आठळ्या, आमसुलं, सांडगी मिरच्या डब्यात असतात. सामानाची ददात नसते. अडतं ते माणसांपाशी.

पंक्तीला कोण बसेल

दुसऱ्या लग्नाचं घर आणि जेवणाची पंगत यांचा संबंध याच तालुक्याच्या एका लेकीच्या आयुष्यात फार कडूपणे दिसला आहे. देवरुखच्या जोशांची गोदूबाई. लहान वयात लग्न झालं आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य आलं. पुढे ती भावाच्या आधाराने मुंबईला गेली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ला मुंबईत शारदा सदन उघडलं, त्यातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ला, पुण्यात तिने धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली वारल्या होत्या आणि मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा होता. गोदूबाई आनंदीबाई झाल्या, घरादाराच्या बाया झाल्या. त्यांना पुढे मुलं झाली. सवाशेहून अधिक वर्षांपूर्वीचं हे आजच्या भाषेतलं जोडकुटुंबच.

कर्वे पत्नीला घेऊन आपल्या गावी, दापोलीजवळच्या मुरुडला गेले, तेव्हा गावाने बहिष्काराचा ठराव केला. त्यांना घरात घेणाऱ्यावरही बहिष्कार. सख्ख्या आईला आणि भावाला पोटच्या माणसाला जवळ करता येईना. १८५६च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरून तेव्हा सदतीस वर्षं झाली होती. पण कायदा कचेरीत चालतो, बहिष्कार स्वयंपाकघरात. पाणी कुणाच्या हातचं प्यायचं, पान कुणाच्या शेजारी मांडायचं, एवढ्यावर माणूस आत की बाहेर ते ठरायचं. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही मंडळी नुसता चहा प्यायली, तर केवढा गदारोळ उठला! पुढे १९३१ साली भागोजीशेठ कीरांनी रत्नागिरीत पतितपावन मंदिर बांधलं, सावरकरांच्या पुढाकाराने तिथे सहभोजनं झाली आणि त्यावरही वादंग माजले. या सगळ्या भांडणांत पानात काय वाढलंय हा मुद्दा जवळजवळ कधीच नव्हता. शेजारी कोण बसलंय, हा होता.

बाया कर्व्यांनी ‘माझे पुराण’ लिहून आपली हकिकत मागे ठेवली. त्यांनी वाढवलेला रघुनाथ पुढे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढून साऱ्या महाराष्ट्राला नको असलेले प्रश्न विचारत राहिला. आणि बायांच्या माहेरगावी, देवरुखात, इंदिराबाई हळब्यांनी १९५४ साली मातृमंदिर सुरू केलं. लहानशा प्रसूतिगृहापासून निघालेली ही संस्था पुढे निराधार मुलींचंही घर झाली. हळबेबाईंना सगळा तालुका मावशी म्हणायचा. रक्ताचं नातं नसलेल्यांनी एका चुलीवरचं जेवून एक घर होणं, याची या तालुक्याला चांगली ओळख आहे.

म्हणून सणाची यादी करताना पहिली ओळ पदार्थाची नसावी. पंगतीची असावी. घरात आलेला प्रत्येक जण, पहिल्या लग्नाचा मुलगा, दुसऱ्या लग्नातून आलेली मुलगी, तिची आजी आली असेल तर तीही, पंगतीत बसणार, बाजूला कुणी नाही. हे एकदा ठरलं की पुढची भांडणं नुसती स्वयंपाकाची उरतात, आणि स्वयंपाकाची भांडणं सुटतात.

आधी पंचांग, मग यादी

हिशेबासाठी एक घर धरून चालू. संगमेश्वरजवळची वाडी, कुणबी घर, गौरीला पंधरा माणसं. आजी माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणही वर्ज्य. थोरला मुलगा मुंबईत नोकरीला. पहिली बायको आजारात गेली, सोळा वर्षांचा मुलगा आहे. दुसरं लग्न कोल्हापूरकडच्या घटस्फोटित बाईशी, तिची मुलगी अकरा-बारा वर्षांची. धाकट्या मुलाची बायको देवरुखच्या कोकणस्थ घरातली. मुलगी घाटकोपरला दिलेली, जावई गुजराती जैन. बाकी काका-काकू, चुलतभाऊ, त्यांची मुलं. त्यात एकाला मधुमेह, एकीला दुधाचं सोसत नाही, एकजण व्यायामशाळेत जाऊन ‘प्रोटीन’ मोजणारा. घर कल्पनेतलं आहे, पण यातलं कुठलं माणूस वाचकाला अनोळखी वाटेल असं नाही.

अशा घरात यादीआधी पंचांग उघडावं. गौरी चतुर्थीपासून दिवस मोजून येत नाहीत, नक्षत्राने येतात: अनुराधेवर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मूळावर विसर्जन. त्यामुळे वार दरवर्षी बदलतो. २०२५ साली पूजन १ सप्टेंबरला, सोमवारी आलं. ज्या घरात सोमवार पाळतात तिथे तिखटाचं काय, हा प्रश्न अशा वर्षी उभा राहतोच. कुणी म्हणतं गौरीपुढे वार बघायचा नसतो, कुणी नैवेद्य दाखवून आपण दुसऱ्या दिवशी खातं. काय करायचं ते आधी ठरलं तर निभतं. ऐन दुपारी ठरवायला बसलं तर मटण शिजत राहतं आणि माणसं रुसत राहतात.

जावयाचं पंचांग वेगळं. श्वेतांबर जैनांचं पर्युषण भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या सुमाराला संवत्सरीने संपतं, म्हणजे बहुधा गणपती बसतात तेव्हाच. त्या दिवशी कितीतरी जण निरंकार उपवास करतात. सासूने हौसेने वळलेले एकवीस मोदक पुढे आणि जावई उकळून गार केलेल्या पाण्यावर, असा प्रसंग येतो. दिगंबरांचं दशलक्षण पर्व पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. तिथे गौरीचे तीनही दिवस व्रतात सापडतात. जावई कुठल्या पंथाचा एवढं एका फोनवर कळतं, आणि ते विचारलेलं त्याला आवडतंही. आपल्या चातुर्मासाची चौकशी परक्याने केली तर आपल्याला आवडत नाही का?

मधल्या ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावर न पिकलेलं खायचं म्हणून ऋषीची भाजी होते. तिच्यात सुरण आणि अळकुड्या असतात, म्हणजे कंदमुळं न खाणाऱ्याला ती चालत नाही. आवाहनाच्या संध्याकाळी गौरीला भाजी-भाकरी. तांदळाची भाकरी आणि पालेभाजी बहुतेकांना चालण्यासारखी, तेव्हा त्या दिवशी जास्तीचं काही करू नये. सगळी ताकद पूजनाच्या दिवसासाठी ठेवावी.

वड्यांचा सांधा

पूजनाच्या दिवशीचा मुख्य पदार्थ मटण नाही. वडे आहेत. तांदूळ जास्त, त्यात उडदाची आणि चण्याची डाळ, धणे, मेथ्या, थोडी बडीशेप घालून दळलेलं जाडसर पीठ, हातावर थापून तळलेले फुगीर वडे. ते गौरीच्या मटणाबरोबर जातात आणि काळ्या वाटाण्याच्या उसळीबरोबरही तितकेच जातात. ही उसळ कोकणाने अशाच घरांसाठी जणू बेतून ठेवली आहे. भाजलेल्या खोबऱ्याचं तेच वाटण, तोच गरम मसाला, तोच काळसर दाट रस्सा. एका ताटात मटण-वडे, शेजारच्या ताटात वाटाणे-वडे, आणि दोन्ही ताटांचा वास सारखाच. शाकाहारी माणसाला बाजूला बसवून वरणभात वाढला की तो पाहुणा होतो. वडे-उसळ वाढली की तो घरचा राहतो.

पंधरा माणसांचा साधारण हिशेब असा. काळे वाटाणे पाऊण किलो, रात्रभर भिजवलेले, कारण बारा तास तरी लागतात. नऊ जण खाणारे धरले तर मटण दोन किलो. वडे माणशी पाच, त्याला दोन किलोच्या आतबाहेर पीठ. तांदूळ दीड किलो. नारळ आठ-दहा: सोलकढीला तीन, वाटणांना तीन, उरलेले गोडाला आणि अडीअडचणीला. तवशाची कोशिंबीर, लिंबू, पापड.

गोडात देवरुखच्या सुनेचं घावन-घाटलं घ्यावं. घावन तांदळाचे, घाटलं तांदळाच्या पिठाचं, गूळ आणि नारळाच्या दुधाचं. त्यात ना दूध, ना गहू. माळकरी आजीला चालतं, जैन जावयाला चालतं, दूध न सोसणाऱ्या काकूला चालतं. मधुमेह असलेल्या काकांनी एक घास घेऊन थांबावं, तेवढं त्यांचं त्यांना कळतं. तिच्या माहेरचा नैवेद्य सासरच्या गौरीपुढे गेला, हे मात्र कुणाच्या सांगण्यावाचून सगळ्या घराला कळतं. कोल्हापूरच्या सुनेचा पांढरा रस्सा तसाच आणावा. मटण शिजवलेलं पाणी, नारळाचं दूध, काजू-खसखशीचं वाटण. नारळाच्या दुधाला कोकण परकं मानीत नाही, त्यामुळे पांढरा रस्सा इथे लवकर रुळतो. त्या बारा वर्षांच्या मुलीला अनोळखी घरातल्या पहिल्या गौरीत एक ओळखीची वाटी सापडते.

आता खरी गोम क्रमाची. नैवेद्य आपण आधी काढतो, मग बाकीचं. तोच नियम माणसांना लावावा. ज्याचं पथ्य सर्वांत कडक, त्याचं सर्वांत आधी. सकाळी चूल पेटली की पहिलं गोड आणि गणपतीचं ताट. मग कांदा-लसूण नसलेलं: वाटाणे नुसत्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवून आजीचा आणि जावयाचा वाटा वेगळा काढायचा, मग उरलेल्यात परतलेल्या कांद्याचं वाटण. आल्याचा तुकडाही त्यानंतरच. सोलकढीचंही तेच, आधी एक तांब्या भरून ठेवायचा, मग लसूण ठेचून घालायचा. तळण्यात आधी घारगे, मग वडे, सगळं ताज्या तेलात. मटण सर्वांत शेवटी, आणि शक्यतो मागच्या पडवीतल्या चुलीवर. पळ्या, झारे आणि झाकणं वेगळी ठेवायची, कारण घात नेहमी झाऱ्याने होतो. असा क्रम लावला की चार स्वयंपाक करावे लागत नाहीत. एकच स्वयंपाक चार ठिकाणी थांबवत न्यायचा.

ताट वाढण्याची आपली पद्धतही या कामी येते. पानाच्या वरच्या अंगाला मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या, मधे भात. तिखट-आंबट-खारट हे डाव्या बाजूला थोडं थोडं, ज्याने त्याने आपल्या घासाला लावायचं. मुख्य पदार्थ मध्यम तिखट ठेवावा आणि ठेचा, लसणीची चटणी, सांडगी मिरची डावीकडे मोकळ्या हाताने वाढावी. कोल्हापूरकर आणि कोकणस्थ एकाच पातेल्यातून जेवतात.

नळी कोणाला?

मटणाच्या घरात पंगत बसली की एक प्रश्न हमखास येतो. नळी कुणाच्या ताटात? सख्ख्या भावंडांत नळीवरून भांडण झालं तर ते हसण्यावारी जातं. सावत्र भावंडांत झालं तर कुणी हसत नाही. सोळा वर्षांचा मुलगा वर्षानुवर्षं त्या घरात नळीचा हक्कदार. यंदा समोर बारा वर्षांची मुलगी बसलेली. आजीने सवयीने नळी नातवाला वाढली तर मुलीची आई बघते. आईने मुलीला वाढली तर मुलगा बघतो. आपल्या लोककथांतली सावत्र आई ओळखायची खूणच मुळी वाढणं: एकीला ताजं, दुसरीला शिळं. मुलांनी त्या गोष्टी ऐकलेल्या असतात, आणि ताटातला भेद मुलांइतका नेमका कुणाला दिसत नाही.

यावर उपाय साधे आहेत. खाटकाकडे नळ्या मुलांच्या संख्येइतक्या मागून घ्याव्यात. मुलांची पंगत आधी, आणि वाढायला काका किंवा आत्या, ज्यांचं कुणा एकाकडे झुकतं माप नाही असं माणूस. आवडनिवड आधी विचारून ठेवावी, पंगतीत सगळ्यांदेखत ‘तू हे खात नाहीस?’ असं विचारू नये. नव्या घरातल्या मुलाने पहिल्या सणाला नुसता भात आणि वडा खाल्ला तर खाऊ द्यावा. आणि जेवताना नव्या आईला आई म्हण, नव्या बाबांना बाबा म्हण, असला आग्रह अजिबात नको. नाती आपल्या वेगाने मुरतात.

नव्या सुनेच्या ओवशाचंही, म्हणजे पहिल्या गौरीला तिने भरून द्यायच्या सुपांचंही, तसंच. सुपं कुणाकुणाला द्यायची, पहिल्या सुनेच्या माहेरच्या माणसांना बोलवायचं का, हे घरातल्या मोठ्यांनी आधी बसून ठरवावं. बरीच घरं बोलवतात. त्या सोळा वर्षांच्या मुलाचं ते आजोळ आहे, हे विसरून चालत नाही.

पहिलीचं पान

दुसऱ्या लग्नाच्या घरात एक माणूस पंगतीत नसून असतं. ‘ती घारगे काय करायची!’ असं कुणीतरी बोलून जातं आणि वाढणाऱ्या बाईचा हात थबकतो. हे टाळायचं म्हणून तिचं नावच काढायचं नाही, असा उपाय बरीच घरं करतात, आणि त्यात तिच्या मुलाची कोंडी होते. आपल्या रीतींनी याहून शहाणा मार्ग ठेवला आहे. गणपती गेले की पितृपंधरवडा लागतो, त्यातली भाद्रपद वद्य नवमी ही अविधवा नवमी. सौभाग्यवती गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. पूर्वी दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालायची. टाकामागे सवतीच्या भयाची भावना होती, ती आज कुणी मानू नये. पण गेलेलीला घरात जागा द्यायची, तिला लपवायचं नाही, एवढा भाग घेण्यासारखा आहे.

यादीत तो असा उतरतो. पहिलीच्या हातचा एक पदार्थ सणाला करायचा आणि तिच्या नावानेच वाढायचा. भोपळ्याचे घारगे असतील तर ते ‘अमुकच्या आईचे घारगे’. करणारा शक्य तर तिचा मुलगा. सोळा वर्षांच्या मुलाला भोपळा किसता येतो, गूळ विरघळवता येतो. प्रमाण कुणाला ठाऊक असेल तर आजच लिहून घ्यावं. आपल्या आज्या अंदाजाने रांधायच्या आणि अंदाज माणसाबरोबर जातो. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने १९७०पासून पिढ्यांना हात दिला, तो वाटी-चमच्याच्या मापांमुळे. घरातल्या चवींनाही तसंच माप हवं. घरात एक वही करावी: आजीची उसळ, पहिलीचे घारगे, कोल्हापूरचा रस्सा, देवरुखचं घाटलं. वही कुठल्याही सुनेच्या मालकीची नसावी. ती घराची.

कढईपाशी कोण उभं आहे

आता अवघड भाग. एवढी सगळी आवडनिवड सांभाळायची म्हणजे काम वाढतं, आणि ते बहुतेक घरांत बायकांवरच पडतं. वडे गरम हवेत म्हणून पंगत बसल्यावर तळायचे, म्हणजे तळणारी सर्वांत शेवटी जेवणार. तोवर वडे उरतात ते वातड आणि मटण उरतं ते रस्सा. नव्या सुनेला पहिल्या सणाला हीच जागा मिळते, आणि आपण या घरात कोण आहोत हे तिला त्याच वेळी कळतं.

कोकणात पडवीतल्या चुलीवर मटण पुरुष शिजवतात, हे नवं नाही. कोंबडं सोलण्यापासून मसाला परतण्यापर्यंत सगळं येतं त्यांना. तेव्हा वड्यांची कढईही त्यांच्याकडे द्यायला हरकत नसावी. नारळ खवणं आणि वाटाणे निवडणं आदल्या रात्री मुलांकडे. वाटणं आदल्या दिवशी. मुंबईहून येणाऱ्याने येताना फरसाणाच्या पिशव्या आणण्यापेक्षा एक चांगला मिक्सर आणावा. आणि दोन पंगती कराव्यात: पहिलीत मुलं आणि म्हातारी माणसं, दुसरीत रांधलेल्या सगळ्या बाया. तेव्हा कढईपाशी घरातले पुरुष उभे.

मोदक, घारगे, वड्यांचं पीठ यासाठी गावातल्या बचत गटांना आधी सांगून ठेवलं तर तेही सोपं पडतं. बाहेरून आणलेल्या मोदकाने गणपती रागावल्याचं ऐकिवात नाही.

पोह्यांची सकाळ

गौरीचा स्वयंपाक जमला नाही त्यांना दिवाळी दुसरी संधी देते, आणि ती फार सोपी आहे. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान, तुळशीपाशी कारीट फोडायचं आणि मग पोहे. भातकापणीचे दिवस, हळवं भात घरात आलेलं. त्या एका पोह्यांचे किती प्रकार: दडपे पोहे, दहीपोहे, ताकातले, दूधगुळाचे, नारळाच्या रसातले, कांदेपोहे, बटाट्याचे. शिवाय काळ्या वाटाण्याची उसळ. शेजारीपाजारी जाऊन प्रत्येक घरचे चमचाभर तरी खायचे, अशीही रीत कोकणात आहे.

जोडकुटुंबाने पहिला मोठा सण कुठला एकत्र करावा असं कुणी विचारलं तर मी ही सकाळ सांगेन. सामिष-निरामिषाचा प्रश्न नाही. जैन माणसाला गुळपोहे, आजीला दहीपोहे, कोल्हापूरकरांना हिरवी मिरची सढळ घातलेले. प्रत्येक घटक कुटुंबाने आपापल्या घरचा एक प्रकार करायचा, तासाभरात सगळं उरकतं आणि कुणालाही चार वाजल्यापासून चुलीपुढे बसावं लागत नाही. फसलं तर फराळाचे डबे आहेतच. गौरीची मोठी पंगत पुढच्या वर्षी, माणसांची एकमेकांशी जरा ओळख झाल्यावर.

सगळ्यांना आवडेल असा एकच पदार्थ शोधत बसणं हा यादी करणाऱ्यांचा नेहमीचा गैरसमज. असा पदार्थ नसतो. सापडलाच तर तो कुणालाच फारसा आवडलेला नसतो. दुसरी चूक म्हणजे प्रत्येकाची आवड पुरवता पुरवता घरातल्या बाईला जेवायचं विसरायला लावणं. या दिवाळीला यादी लिहाल तेव्हा पदार्थांच्या आधी माणसांची नावं लिहा, प्रत्येक नावासमोर त्याचं एक ओळखीचं काहीतरी लिहा, आणि रांधणार कोण तेही लिहा. पदार्थ वेगळे चालतील, वेळाही थोड्या मागेपुढे चालतील. पंगत मात्र सगळ्यांची हवी, आणि रांधणारी बाई तिच्यात गरम वडा खात बसलेली हवी.